कर्णफुलं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज नवं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. एका चावीत. गॅरेजातली माझी भागीदार, लॅपटॉपवाली, हिनं टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. सुरू काय, गवत कापायचं यंत्रसुद्धा होतं.

गाडी भिंगरीची. भिंगरी म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी एका जागी टिकायचा नाही म्हणून त्याच्या आईनं हे नाव ठेवलं, आणि चौतिशी आली तरी ते सुटलेलं नाही. मार्चच्या शेवटी डोंगरचढीची शर्यत आहे. पायथ्यापासून एकेक गाडी एकटी सोडतात, कमीत कमी वेळात जी वर पोचेल ती पहिली. यंदा एका मोठ्या संघाची माणसं चालक निवडायला येणार आहेत. भिंगरी म्हणतो, "दाजी, यानंतर मला कोण विचारणार?" खरं आहे ते.

बायकोनं परवानगी दिली ती एका अटीवर. आई गेली तेव्हा भिंगरी नऊ वर्षांचा होता, त्याला हिनंच वाढवला, त्यामुळे परवानगी हा शब्द आमच्या घरात अजून चालतो. अट अशी, की इंजिन मी बांधायचं, मी ऐकायचं, आणि मी हो म्हटल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. "तो त्याच्या भरवशावर नाही जात," म्हणाली, "तुमच्या भरवशावर जातो."

मी म्हटलं, धडधाकट परत आणून देतो तुझं ध्यान. ती हसली, पण अर्धीच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कर्णफुलं कपाटातून बाहेर काढली. हा आमच्या गॅरेजातला शब्द. तांब्याची एक बारीक नळी, तिचं टोक चेपून इंजिनच्या अंगावर बोल्टनं आवळायचं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावायची, आणि ती गोंगाटात काम करणारे लोक कानांवर घालतात तसल्या जाड टोप्यांत सोडायची. मग इंजिनच्या पोटात काय चाललंय ते सरळ डोक्यात येतं. बायको म्हणते, लग्नात मला नाही घातलेत ते दागिने स्वतःला घालून बसता.

टर्बोचं काम सांगायला सोपं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर एक चक्र फिरतं, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हाव सुटते ती इथेच. हवा फार कोंबली किंवा ठिणगी फार लवकर दिली, की पेट्रोल शिस्तीत जळायच्या ऐवजी एकदम भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. त्याला नॉकिंग म्हणतात. पूर्ण जोरात इंजिन ते फार वेळ सोसत नाही. पिस्टन फुटतो, दांडा इंजिनची भिंत फोडून बाहेर येतो, तेल तापलेल्या टर्बोवर सांडतं, आणि मग आत बसलेल्या माणसाचं काय व्हायचं ते त्याचं नशीब.

म्हणून ऐकायचं. गाडी रोलरवर बांधतो, चाकं जागच्या जागी फिरतात, लॅपटॉपवाली ठिणगी एकेक अंश लवकर करत जाते आणि मी कर्णफुलं घालून बसतो. नॉकिंगची पहिली चाहूल लागली की बोट वर करतो. मग दोन अंश मागे, आणि तिथेच कायम. गिऱ्हाइकं माझं नाव विसरतात. फोन करून विचारतात, "कान आहेत का दुकानात?"

आज बोट वर करायची वेळच आली नाही. लॅपटॉपवाली ठिणगी पुढे पुढे नेत राहिली आणि इंजिन आपलं लोण्यासारखं. शेवटी तीच थांबली. म्हणाली, "दादा, बास करू या का?" मी म्हटलं, अगं चल पुढे. इतकं पुढे मी याआधी कधी गेलो नव्हतो. बांधणी चांगली असली की असं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरात सगळे हल्ली पुटपुटतात. सकाळी शेजारच्या सुतारानं भिंतीवरून काहीतरी मागितलं. मी आत जाऊन दोन केळी आणून दिली. त्यानं केळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "खिळे, खिळे!" बायको पोट धरून हसली. माणसानं तोंड उघडून बोलावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

नंतर चहाला आधण ठेवून मी किटलीशेजारीच उभा होतो. ती पलीकडच्या खोलीतून ओरडत आली, "अहो, केव्हाची शिट्टी वाजतेय, काय झोपलात?" मी विचारात होतो. आता घरात विचार करायचीही सोय राहिली नाही.

मागच्या झाडावर यंदा पाखरं आलेली नाहीत. हवा बिघडली आहे सगळीकडे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लॅपटॉपवालीशी पहिली खडाखडी.

ती चाळिशीची, हुशार, आणि तिचा यंत्रावर विश्वास. इंजिनच्या कुशीत एक नॉक सेन्सर असतो. तोही ऐकतो. त्याला नॉकिंगचा संशय आला की तो आपणहून ठिणगी मागे खेचतो आणि ताकद कमी करतो. आज पडद्यावर लाल रेघाच रेघा. ती म्हणाली, "दादा, चौथा सिलिंडर बघा. हे नॉकिंग आहे."

मी पुन्हा कर्णफुलं घातली. पूर्ण जोरात दोनदा ऐकलं, डोळे मिटून, अगदी कानात तेल घालून. काहीच नाही. तिला सांगितलं, हे पिस्टन ठोकून घडवलेले आहेत, ते थोडे सैल बसवावे लागतात, त्यांची खडखड होते आणि सेन्सर फसतो. ही गोष्ट खोटी नाही. यावर कितीतरी सेन्सर फसलेले मी पाहिलेत.

ती म्हणाली, "ती खडखड इंजिन गार असताना. हे तापल्यावर आहे. आणि खडखड जाड असते. सेन्सर मी साडेसहा हजार हर्ट्झवर लावलाय, तो फक्त बारीक आवाजच ऐकतो."

"मग मला का ऐकू येत नाही?"

ती पुन्हा पडद्याकडे वळली. सेन्सर थोडा मंद करायला लावला. लाल रेघा निम्म्या झाल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डिसेंबरात ट्यून करून दिलेली एक गाडी दोरीनं ओढत आणली. टुरिस्ट गाड्या चालवणारा गृहस्थ, जुनं गिऱ्हाईक. पिस्टनची कड तुटून आत पडलेली. मी त्याला म्हटलं, पेट्रोलात भेसळ आहे, पंप बदला. बिचारा हो म्हणाला. म्हणाला, "तुम्ही ऐकून दिली होती, म्हणजे गाडीत दोष नसणार."

लॅपटॉपवाली तुटलेला तुकडा बराच वेळ हातात फिरवत होती. मी तिला बोलू दिलं नाही.

परत आलेलं हे पहिलंच इंजिन. आज जेवलो नाही नीट.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीच्या गाडीचे चारही प्लग काढले. लॅपटॉपवालीनं चौथा भिंगाखाली धरला आणि मला बोलावलं. पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी कण, मिऱ्याची पूड भुरभुरल्यासारखे.

असे कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. नॉकिंगनं पिस्टनचं डोकं खरवडतं आणि ते प्लगवर येऊन बसतं. हे तिला मीच शिकवलं होतं, याच टेबलापाशी.

पण चंदेरी काय, प्लगच्या आट्यांना लावतो ते वंगणही चंदेरी असतं. हात नीट पुसले नाहीत तर उडतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाकीचे तीन प्लग स्वच्छ आहेत, दादा. चारही मीच लावले होते, एकाच हातानं." मी आवाज चढवला. मग वाईट वाटलं, तिच्यासाठी चहा मागवला. तिनं तो घेतला नाही.

वंगणच असणार. नाहीतर मला ऐकू आलं असतं.

४ मार्च, मंगळवार

बायको महिनाभर कानीकपाळी ओरडत होती, म्हणून कान दाखवून आलो. गॅरेजात कुणाला सांगितलं नाही. कान नावाचा माणूस कान दाखवायला गेला, हे या कानाचं त्या कानाला जायला वेळ लागणार नाही, आणि मग दुकानाला कुलूप.

एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या घातल्या. मनात म्हटलं, आमची कर्णफुलं याहून बरी. तपासणाऱ्या बाईंनी हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाल्या. सुरुवातीला घू घू आवाज आले, दाबत गेलो. मग त्या बराच वेळ थांबल्या. मी वाट बघत बसलो. समोरच्या कॅलेंडरवरचं चित्र बघितलं, बुटांच्या नाड्या बघितल्या. मग त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "झालं."

मी म्हटलं, "झालं? पुढचे आवाज तर तुम्ही लावलेच नाहीत."

त्यांनी मला आत डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली, आधी सपाट, मग कड्यावरून खाली कोसळणारी. म्हणाले, "जाड आवाज तुम्हाला छान येतात. बारीक आवाज गेलेत. चार हजार हर्ट्झपासून उतार आहे, सहा हजारांच्या पुढे जवळजवळ काहीच नाही. गोंगाटात काम करणाऱ्यांचं असंच होतं. यंत्र लावा."

आकडे सगळ्यांनाच फार आवडतात. मी विचारलं, यानं कामात अडचण येईल का? त्यांनी विचारलं, काम काय? मी म्हटलं, इंजिनं. ते म्हणाले, "मग हरकत नाही. इंजिन काय, दणदणीतच असतं."

तेच मी म्हणतो. इंजिन म्हणजे बासरी नाही. त्याचा आवाज छातीत येतो. घरी येऊन बायकोला सांगितलं, वयाप्रमाणे थोडं कमी आहे, काळजीचं काही नाही. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

९ मार्च, रविवार

भिंगरी दिवसभर गॅरेजात. तो आला की भिंतींनासुद्धा चेव येतो. गाडीत बसला, उतरला, पुन्हा बसला, हातमोजे घालून स्टिअरिंगवर हात फिरवला. मग म्हणाला, "दाजी, मला पण कर्णफुलं घाला की." घातली. गाडी रोलरवर होती, लॅपटॉपवालीनं जोर लावला.

त्याचं तोंड बदललं. टोप्या काढून म्हणाला, "हे काय हो? पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं?"

मी म्हटलं, "इंजेक्टर. पेट्रोल फवारतात ना, त्यांची टिकटिक. सगळ्या गाड्यांना असते."

"असं होय," तो म्हणाला. "मी उगाच घाबरलो." आणि लगेच हसला. त्याचं हे मला फार आवडतं, एकदा सांगितलं की शंकेचं गाठोडं उचलून ठेवतो.

लॅपटॉपवाली माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "इंजेक्टरची टिकटिक जोर नसतानाही असते. आता जोर काढते. ऐक रे पुन्हा." पण तेवढ्यात बायको जेवायचे डबे घेऊन आली आणि सगळे उठले.

तो गेल्यावर मी एकटा ऐकत बसलो. मला वाळू नाही ऐकू आली. खरं लिहायचं तर इंजेक्टरही नाही ऐकू आले. पूर्वी यायचे, रिमझिम यायचे. रबरी नळी जुनी झाली असेल, आतून चिकटली असेल. नवी लावली. फरक पडला नाही. नवी नळी कडक असते, जरा वापरली की सैल होईल.

१४ मार्च, शुक्रवार

गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली. भिंगरी दोनदा चिडून परत आला. "वळणातून बाहेर पडताना ताकदच जाते, दाजी. कुणीतरी मागून शर्ट धरल्यासारखं." सेन्सरच तो. मंद केला तरी संशय जात नाही त्याचा, ठिणगी मागे ओढतो.

मी लॅपटॉपवालीला म्हटलं, सेन्सर बंद कर.

ती म्हणाली, "नाही."

"अगं, शर्यतीपुरता."

"दादा, मी ठिणगी चार अंश मागे घेऊन देते. हवेचा दाब थोडा कमी करते. गाडी तरीही पळेल. पहिली नाही आली तर तिसरी येईल, पण घरी येईल. सेन्सर बंद मी करणार नाही. करायचा तर तुमच्या हातानं करा."

भिंगरी दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दाजी, तुम्ही ऐकलंय ना?"

"ऐकलंय."

"मग झालं तर."

लॅपटॉप मी ओढून घेतला. एका चौकोनातली खूण काढायची असते, बस. ती काढली. लॅपटॉपवालीनं पर्स उचलली आणि दार उघडं टाकून निघून गेली. भिंगरी पुन्हा रस्त्यावर गेला आणि आला तेव्हा लहान पोरासारखा हसत होता. म्हणाला, "आता खरी सुटली!"

मला आनंद झाला. झालाच.

१९ मार्च, बुधवार

लॅपटॉपवाली कामावर येते, दुसऱ्या गाड्या करते, माझ्याशी कामापुरतं बोलते. शर्यतीला येणार नाही म्हणाली. मी म्हटलं, तुझी मर्जी. जाता जाता म्हणाली, "एकदाच सांगते. तुमच्या कानांवर मी दहा वर्षं गाड्या सोडल्या. या वेळी माझं मन घेत नाही. तुमचं घेतं का?"

माझं मन नेहमी माझ्या कानांचं ऐकत आलंय. तसंच उत्तर दिलं. ती म्हणाली, "बरं."

क्षणभर वाटलं, तिला डॉक्टरांचं सांगावं. पण सांगून काय? ती उगाच राईचा पर्वत करेल. आणि मग भिंगरीला कळेल, आणि शर्यतीच्या तोंडावर माणसाच्या मनात किडा सोडणं बरं नाही.

२६ मार्च, बुधवार

बायकोनं भिंगरीचा अंगभर सूट धुऊन वाळत घातला. तसला सूट घरी धुवायचा नसतो, पण तिला कोण सांगणार. आग न लागणारं कापड आहे, हे वाचल्यापासून तिला तो फार आवडतो. बाह्या ओढून ओढून बघत होती.

मला म्हणाली, "तुम्ही नीट बघितलंय ना सगळं?"

हे मला स्पष्ट ऐकू आलं. माझ्यासमोर उभी राहून, तोंडाकडे बघून बोलली. मी म्हटलं, "तुझी शपथ."

शपथ घ्यायची गरज नव्हती. का घेतली कोण जाणे.

३० मार्च, रविवार, सकाळ

तंबूत बसून लिहितो आहे. हवा छान आहे, रस्ता कोरडा. कालच्या सरावात भिंगरी चौथा आला, तोही पाय राखून. त्या संघाची माणसं दोनदा आमच्या गाडीपाशी येऊन गेली. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, इंजिन कुणी केलं? भिंगरीनं माझ्या खांद्यावर हात टाकला, "हे बघा, हे कान." ते हसले. मीही हसलो.

बायको सकाळपासून त्याच्या मागे मागे. त्यानं हेल्मेट घातल्यावरही तिनं त्याचा पट्टा पुन्हा तपासला. "ताई, आता पाळण्यात घाल मला," तो म्हणाला. आजूबाजूचे सगळे हसले.

मी शेवटचं ऐकलं. लोण्यासारखं.

आता दुसऱ्या वळणापाशी जाऊन उभा राहतो. तिथून इंजिन पूर्ण जोरात असतं.

१ एप्रिल, मंगळवार

काल लिहिता आलं नाही.

दुसऱ्या वळणावर मी झेंडेवाल्याशेजारी उभा होतो. गाडी खालून येताना दिसली, सुंदर आली. मला ती छातीत जाणवत होती, जाड, गोल, एकसारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. झेंडेवाल्यानं कपाळाला आठ्या घातल्या, माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "हो, माझंच इंजिन!" तो पुन्हा काहीतरी म्हणाला, गाडीकडे हात करून. मी मान डोलावली.

गाडी आमच्यासमोरून गेली. तिसऱ्या वळणाच्या आत तिच्या पोटाखालून पांढरा धूर आला, मग काळा, मग ज्वाळा दिसल्या. मागची चाकं स्वतःच्याच तेलावर घसरली आणि ती आडवी होऊन दगडी कठड्यावर गेली. झेंडेवाला धावत सुटला होता. मी जागचा हललो नाही.

त्याला बाहेर काढला. सुटामुळे अंग वाचलं. दोन्ही पाय मोडलेत, एक गुडघ्याखाली फार वाईट. धूर आणि आग नाकातोंडातून आत गेली, घशातून नळी घातली आहे. डॉक्टर म्हणतात जगेल. गाडी चालवण्याबद्दल कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

बायको हॉस्पिटलातून हललेली नाही.

३ एप्रिल, गुरुवार

लॅपटॉपवाली हॉस्पिटलात आली. बायकोपाशी बसली, तिचा हात हातात घेऊन. मला बाहेरच्या पॅसेजात म्हणाली, "इंजिन उघडलं." मी विचारलं, चौथा? तिनं मान डोलावली. एवढंच. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल, 'मी म्हटलं होतं ना,' असं काहीतरी. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी तिला डॉक्टरांचं सांगितलं. काचेची खोली, बटण, सगळं. कधी गेला होतात, तिनं विचारलं. मी तारीख सांगितली. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "सहा हजारांच्या पुढे काही नाही, असं म्हणाले ते? आकडा सांगितला होता त्यांनी?"

मी हो म्हटलं. तिनं तोंडावर हात ठेवला. मी विचारलं काय झालं, तर ती जिना उतरून गेली.

५ एप्रिल, शनिवार

आज भिंगरीच्या घशातली नळी काढली. आठ जणांचा वॉर्ड आहे. त्याच्या पलंगाभोवती पडदा होता, पण अर्धाच ओढलेला. त्याचा आवाज गेला आहे, नुसती फुंकर येते. मला बघून त्यानं हात थोडा उचलला. मी जवळ गेलो.

तो बोलला. ओठ हलले, मला काही कळलं नाही. मी आणखी वाकलो. तो पुन्हा बोलला. त्याच्या तोंडाला औषधाचा वास येत होता, एवढंच कळलं. मी बायकोकडे बघितलं. ती पलीकडच्या बाजूला होती, तिला ऐकू आलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

ती हळू बोलली. मला नाही कळलं. मी म्हटलं, "काय?" ती पुन्हा बोलली, जरा मोठ्यानं, खाली मान घालून. मी म्हटलं, "अगं, नीट सांग."

मग तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला किंवा म्हाताऱ्याला सांगतात तसं, ओरडून सांगितलं. शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला. दारातली नर्स थांबली.

"तो म्हणतो, वाळूचा आवाज पहिल्या वळणापासूनच येत होता. खूप मोठा. पण दाजींना काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही."

भिंगरी माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. मी रागावू नये, अशी काळजी होती. आपण कुठे चुकलो, ते मी त्याला सांगावं, याची तो वाट बघत होता.

बायकोनं विचारलं, "ऐकू आलं?"

मी मानेनं हो म्हटलं.